उघड्यावर उभ्या असलेल्या वाफेच्या इंजिनाची निगा : स्वयंसेवकांसाठी

नागपूरच्या इतवारीहून नागभीडला जाणाऱ्या छोट्या गाडीतून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना नॅरोगेज म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. रुळांमधील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. ती गाडी २०१९ मध्ये थांबली; त्या रुळांच्या काळातील इंजिने व डबे नागपुरातील मोतीबागेच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात २००२ पासून पाहावयास मिळतात. असे एखादे इंजिन संस्थेच्या आवारात किंवा कारखान्याच्या फाटकाशी उन्हापावसात उभे असेल आणि त्याची निगा राखण्याची तयारी काही जणांनी दाखवली असेल, तर पुढील मजकूर त्यांच्या कामाचा आहे. इंजिन पुन्हा वाफेवर चालविण्याचा विचार येथे अभिप्रेत नाही. त्यासाठी बॉयलरची पाण्याच्या दाबाखाली चाचणी आणि अधिकृत तपासणी लागते. ती झाल्याशिवाय हौसेखातरही आत जाळ करू नये.

मालक संस्थेची लेखी परवानगी हाती आल्यावरही ब्रश उचलण्याची घाई नको. पहिला संपूर्ण दिवस छायाचित्रांसाठी ठेवावा. प्रत्येक बाजू, प्रत्येक पाटी, नळ्यांची प्रत्येक जोडणी टिपावी आणि सुटा होणारा प्रत्येक भाग क्रमांकाची चिठ्ठी बांधून वहीत नोंदवावा. जुन्या रंगाचे थर म्हणजे त्या इंजिनाची जन्मपत्रिकाच असते. ते सरसकट खरवडण्याऐवजी एखाद्या आडोशाच्या जागी तळहाताएवढा चौकोन तसाच राखून ठेवावा. आमच्या गटाने पहिल्या उत्साहात सगळेच खरवडले. मूळ छटा कोणती होती, यावर आमच्यात अजूनही वाद होतात.

या कामात दोन जिन्नस जिवाशी खेळणारे आहेत. बॉयलरभोवती पत्र्याचे आवरण असते आणि त्याखाली उष्णता राखण्यासाठी भरलेला पांढुरका, तंतुमय थर अनेकदा ॲस्बेस्टॉसचा असतो. आवरण उघडून तो दिसला, तर पत्रा परत बसवून काम थांबवावे आणि तो थर काढण्याची जबाबदारी प्रशिक्षित माणसांवर सोपवावी. तोंडावर रुमाल बांधणे हा त्यावरचा उपाय नव्हे. दुसरा जिन्नस शेंदूर. जुन्या लोखंडावरील तांबूस अस्तरात शिसे असण्याची दाट शक्यता असते. त्यामुळे असा रंग कोरडा घासू नये, ओला करूनच काढावा, खपल्या गोळा करून वेगळ्या ठेवाव्यात आणि जेवणाचा डबा उघडण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. लहान मुलांना या टप्प्यावर बोलावू नये.

आता गंजाकडे वळू. बाहेरचा गंज डोळ्यांना खुपतो, परंतु इंजिन खाऊन टाकतो तो आतला गंज. धुराड्याखालच्या पेटीत वर्षानुवर्षे साचलेल्या कोळशाच्या राखेत गंधकाचा अंश असतो; पावसाचे पाणी धुराड्यातून उतरून त्या राखेत मुरले की आम्ल तयार होते आणि तळाचा पत्रा पापडासारखा ठिसूळ होतो. म्हणून राख घमेल्यांनी उपसणे हे सर्वांत आधीचे आणि सर्वांत कळकट काम आहे. ते झाल्यावर धुराड्यावर पाणी अडवणारे, पण हवा खेळती ठेवणारे झाकण बसवावे आणि पाण्याच्या टाक्यांच्या तळाचे बूच काढून त्या कोरड्या कराव्यात. आत हात घालण्यापूर्वी विजेरीने पाहून घ्यावे, कारण विंचवांना आणि मधमाश्यांना अशी जागा आपल्याआधी सापडलेली असते.

अडकलेल्या नटांवर हातोडा चालवू नये. त्यांना गंजात झिरपणारे भेदक तेल पाजून दोन-चार दिवस थांबावे. ब्रिटिश बनावटीच्या इंजिनांत आटे सहसा व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश पद्धतीचे, ५५ अंशांच्या कोनाचे असतात, तर बाजारात मिळणारे मेट्रिक नट ६० अंशांचे. ते जोर लावून बसवले की मूळ बोल्टही वाया जातो. पितळी पाट्यांवर काचकागद फिरवू नये, अक्षरे झिजतात.

रंगकामाचा हंगाम नागपुरात दिवाळीनंतर येतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पत्र्याला हात लावता येत नाही आणि अशा तापलेल्या पत्र्यावर रंगाची साय लवकर धरून खाली फोड येतात. पावसाळ्यात ओल रंगाखाली कोंडली जाते. हिवाळ्यातही पहाटेचे दव पूर्ण सुकल्यावरच सुरुवात करावी. गंज काढलेल्या भागावर त्याच दिवशी प्रायमर लावावा, कारण उघडे लोखंड रात्रभरात पुन्हा तांबूस होते. दांडे, पिस्टन यांसारख्या चकचकीत भागांना रंग नको, त्यांवर ग्रीसचा पातळ थर पुरे. लाकडी भागांना जवसाचे उकळलेले तेल चांगले मानवते. मात्र त्या तेलाची फडकी गोळा करून टाकल्यास ती आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून ती पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात झाकण, बुचे आणि ग्रीस तपासावे, तर ऑक्टोबरमध्ये वही उघडून मागील वर्षीच्या छायाचित्रांशी एकेक जागा ताडून पाहावी.