स्टारड्यू व्हॅली : पहिला वसंत वाया जाऊ देऊ नका

२०१६ साली आलेला हा शेतीचा गेम अजूनही नवे खेळाडू खेचतो, आणि बहुतेकांची गाडी पहिल्याच ऋतूत अडते. कारण एकच: सगळं शेत पहिल्या दिवशी साफ करायचा हट्ट. ताकद असते २७०, झाडं तोडण्यात ती दुपारपर्यंत संपते.

त्यापेक्षा घरालगतची छोटी जागा खणा, सुरुवातीलाच मिळालेल्या पार्सनिपच्या (गाजरासारखं कंदमूळ) १५ बिया पेरा आणि रोज पाणी घाला. चार दिवसांत पीक हाती येतं. पाणी चुकलं तर रोप मरत नाही, पण त्या दिवशी वाढतही नाही. दुसऱ्या दिवशी समुद्रकिनाऱ्यावर विली या कोळ्याकडून गळ घ्या. सुरुवातीला मासेमारी अवघड वाटते, तरी पैसा तिथेच लवकर सुटतो. पिएरचं दुकान बुधवारी बंद असतं, बिया मंगळवारीच घ्या.

आता खरी कमाई. १३ तारखेच्या एग फेस्टिव्हलमध्ये स्ट्रॉबेरीचं बी १०० नाण्यांना मिळतं. त्याआधी पैसे साठवा आणि जमीन सकाळीच खणून, भिजवून ठेवा, कारण उत्सवातून परतेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात. त्याच रात्री पेरलं तर २१ आणि २५ तारखेला अशा दोन तोडण्या मिळतात; एक दिवस उशीर झाला तरीही २२ आणि २६ साधतात. त्याहून जास्त लांबवू नका, २८ तारखेनंतर ऋतू बदलतो आणि वसंतातली पिकं वाळून जातात.

पंधराहून जास्त रोपं झाली की कावळे येतात. बुजगावणं आधीच उभं करा.