फेअरमाँट मोटरकार पुन्हा रुळांवर आणताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, फेअरमाँट गावी बनलेल्या छोट्या मोटरकारांनी तिथल्या रूळ-दुरुस्तीच्या टोळ्यांची अनेक दशकं ने-आण केली. आपल्याकडच्या मोटर ट्रॉलीचंच हे भावंड. पुढे रस्ता आणि रूळ दोन्हींवर धावणारे ट्रक आले आणि या गाड्या मागे पडल्या. आता हौशी मंडळी त्या विकत घेऊन चालत्या करतात. एम-१९ हे त्यांचं लाडकं मॉडेल. एक सिलिंडर, टू-स्ट्रोक इंजिन, चाकांना गती देणारा पट्टा, गिअरबॉक्स नाहीच. यंत्र इतकं सुटसुटीत असल्यामुळे माणसं त्यात सुधारणा करायला जातात आणि बहुतेक नुकसान तिथेच होतं.

रंग आधी, आस नंतर

गाडी घरी आली की पहिला मोह रंगाचा. तो आवरा. आधी चाकं काढा आणि आस तपासा, विशेषतः चाक बसतं तिथला भाग आणि चावीची (चाक आसावर फिरू नये म्हणून बसवलेल्या पट्टीची) खाच. थकव्याचे तडे तिथून सुरू होतात. तपासणीआधी आसावर सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा मारा, करू नका. त्या माऱ्याने बारीक तड्यांची तोंडं दबून बुजतात आणि तडे दाखवणाऱ्या डाय-पेनिट्रंट द्रवाचा लाल रंग आत शिरतच नाही. गंज रसायनाने काढा, मग चाचणी घ्या. तडा दिसला तर आस बदलायचा. वेल्डिंग करून तो वाचवण्याचा विचारही नको.

विद्युतरोधन विसरणं

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच. सिग्नलसाठी दोन्ही रुळांतून कमी दाबाचा प्रवाह सोडलेला असतो. आगगाडीचे आस ते दोन रूळ जोडतात, म्हणून यंत्रणेला गाडी कळते. मोटरकारने सिग्नल लाल होऊ नये यासाठी तिच्या चाकांमध्ये विद्युतरोधक भाग बसवलेले असतात. दुरुस्ती करणारा त्यांना झिजलेले वॉशर समजून फेकतो आणि पोलादी वॉशर लावतो. ब्रेकच्या लाकडी ठोकळ्यांच्या जागी लोखंडी बसवले तरी तोच धोका: ब्रेक दाबला की चाकं सांगाड्यातून एकमेकांना जोडली जातात.

तपासणी सोपी आहे. गाडी लाकडी ठोकळ्यांवर उचला आणि डाव्या-उजव्या चाकांमधला रोध मल्टिमीटरने मोजा, एकदा ब्रेक सोडून, एकदा लावून. आकडा शून्याजवळ आला तर कुठेतरी धातूला धातू लागतोय. रोधन ठीक असेल तर मात्र रेल्वे फाटक तुमच्यासाठी आपोआप पडणार नाही, हे चालवताना कायम लक्षात ठेवा.

इंजिन सुरू होत नाही

ठिणगी नीट पडत असेल तर क्रँककेसकडे, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या बंद कप्प्याकडे, वळा. टू-स्ट्रोक इंजिनात मिश्रण तिथेच दाबलं जातं. सील किंवा गॅस्केटमधून हवा निसटत असेल तर कार्ब्युरेटर कितीही साफ करा, उपयोग नाही. वारंवार प्रयत्न केल्यावर तळाशी पेट्रोल साचतं. निचऱ्याची तोटी उघडून ते बाहेर काढा. इथेनॉलमिश्रित पेट्रोलही त्रास देतं: जुन्या कार्ब्युरेटरमधल्या बुचाच्या (कॉर्कच्या) तरंगत्या गोळ्यावर शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, थर असेल तर तो अल्कोहोलमध्ये विरघळतो, गोळा इंधन पितो आणि बुडतो. पेट्रोलमध्ये तेल मिसळायला विसरलात तर बेअरिंग आणि पिस्टन दोन्ही जातील.

इंजिन सुरू झालं पण गाडी उलटी निघाली? बिघाड नाही. हे इंजिन दोन्ही दिशांना फिरतं आणि उलटं जायचं असेल तेव्हा ठिणगीची वेळ बदलूनच त्याची दिशा पालटतात. म्हणून पट्टा ताणण्याआधी दिशा बघा. पट्टा ताणणारा दांडा हाच इथला क्लच आहे. तो सैल सोडूनही गाडी सरकत असेल तर पट्टा आखूड आहे किंवा कुठेतरी घासतोय. पट्टा घसरत असेल तर आधी पुलीवरचं तेल पुसा.

वजन वाढवणं

पोलादी पत्र्याची जाड फळी, मोठी बॅटरी, गाद्या हे सगळं टाळा. समोरून आगगाडी आली की गाडी हातांनी उचलून बाजूला घ्यायची, यासाठीच तिला दांडे दिलेले आहेत.

आणि मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कुठल्याही रुळांवर चढू नका, ओसाड दिसणाऱ्यांवरही नाही. नार्कोआ या मोटरकार चालवणाऱ्यांच्या अमेरिकी संघटनेच्या सहली रेल्वेच्या परवानगीने निघतात. पहिली फेरी तिथल्या अनुभवी चालकाबरोबर करा.