साटा एसएसडीवर ३ जीबीचा वेग दिसतो तेव्हा

फायोने (fio, डिस्कचा वेग मोजणारं साधन) साटा एसएसडीवर सेकंदाला ३ जीबी वाचन दाखवलं, तर तो वेग रॅमचा समजा. साटा जोडणीची मजल सेकंदाला ५५० एमबीच्या आसपासच संपते. फायोला डायरेक्ट=१ हा पर्याय दिल्यावर पेज कॅश (रॅममध्ये ठेवलेली फाइलची प्रत) बाजूला झाली. तरीही आकडे फुगलेलेच होते, कारण ट्रिम झालेले, म्हणजे सिस्टिमने रिकामे म्हणून कळवलेले ब्लॉक वाचताना एसएसडीतले बरेच कंट्रोलर फ्लॅशला (डेटा साठवणाऱ्या चिपांना) हातच लावत नाहीत. म्हणून चाचणीची फाइल आधी पूर्ण लिहून घ्या, तीही शून्यांनी नव्हे. लेखन किमान १५-२० मिनिटं चालू ठेवा. एसएलसी कॅश (एसएसडीतला वेगवान तात्पुरता भाग) भरली की वेग धाडकन पडतो, आणि मोठ्या कामात तोच पदरी पडतो. आयओडेप्थ (एका वेळी रांगेत असलेल्या विनंत्यांची संख्या) ३२ हवी तर फायोचं इंजिन लिबएआयओ घ्या, सिंक इंजिनमध्ये ती १च राहते. फाइलऐवजी थेट डिस्कवर लेखन-चाचणी मात्र कधीच लावू नका, सगळा डेटा जातो.