या चुका टाळा: जेल फुगत नाही म्हणून पॉलिमरला दोष देण्याआधी

औषध वाहून नेणारं पॉलिमरचं जेल द्रवात किती फुगतं, हे वजन करून मोजायचा प्रयोग. मे महिना, जळगाव, दुपारचे दोन. वॉटर बाथवर (ठरावीक तापमानाला ठेवायच्या पाण्याच्या टाकीवर) शरीराचे ३७ अंश लावलेले आणि पाण्यातला थर्मामीटर ४० दाखवतोय. साध्या बाथला पाणी तापवता येतं, गार करता येत नाही. खोलीच तापली तर तो काय करणार? एम. फार्मच्या वह्यांत मात्र ‘३७ अंश’च सापडतात. प्रयोग भल्या सकाळी लावा, नाहीतर एसीची खोली मागून घ्या.

पण मोठी गफलत त्याही आधी होते. ‘आम्ल-संवेदी’ म्हणजे आम्लात फुगणारंच, असं धरून चालू नका. कायटोसान या पॉलिमरच्या अमाइन गटांचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे गट प्रभारित असतात तो) ६.५ च्या आसपास असतो. जठरासारख्या १.२ पीएचला ते प्रोटॉन घेतात, साखळ्यांवरचे धन प्रभार एकमेकांना ढकलतात, प्रभार सांभाळायला आत आलेले आयन पाणी ओढतात आणि जेल फुगतं. पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाचं बरोबर उलटं. त्याचे कार्बोक्सिल गट साधारण ४.५ च्या वर आयनित होतात. म्हणजे ते जठरात आकसून राहतं नि आतड्यात उघडतं. डायक्लोफेनॅकसारखं जठराला झोंबणारं औषध पुढे न्यायचं तर हेच बरं.

कायटोसानचं वजन आधी वाढून मग घसरलं, तर मुलं ‘जेल आकसलं’ लिहून मोकळी होतात. बहुतेक वेळा क्रॉसलिंकिंग (साखळ्या एकमेकींना बांधणं) कमी पडून ते विरघळत असतं. शेवटी तो तुकडा धुऊन, वाळवून पुन्हा तोला. सुरुवातीच्या कोरड्या वजनापेक्षा कमी भरला तर कळलंच. पण म्हणून ग्लुटारअल्डिहाइड हे साखळ्या बांधणारं रसायन ओतत सुटू नका. ते अमाइन गटच खर्ची घालतं, मग फुगणार काय?

बफरचा (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा) पीएच जुळला की काम झालं, असंही नाही. मीठ जास्त असेल तर आतबाहेरच्या आयनांतला फरक घटतो आणि फुगणं कमी होतं. तुलना करताना आयनिक स्ट्रेंथ (द्रावणातल्या आयनांची एकूण तीव्रता) सारखी ठेवा. अल्जिनेटचे (कॅल्शियमने बांधलेल्या पॉलिमरचे) मणी ६.८ च्या फॉस्फेट बफरमध्ये फुटतात, तो एकट्या पीएचचा पराक्रम नव्हे. सोडियम कॅल्शियमची जागा घेतो, फॉस्फेट कॅल्शियम ओढून नेतो. आणि बोअरचं पाणी बफरला नकोच, त्यातही कॅल्शियम असतं.

आता तराजू. मी स्वतः एक अख्खी बॅच फेकली होती, कारण डोक्यावर पंखा सुरू होता. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात ओला मणी तराजूवर ठेवला की आकडा डोळ्यांदेखत उतरतो. पंखा बंद, तराजूची दारं बंद, फिल्टर पेपरवर टिपणं दरवेळी तेवढंच. श्रावणात याचंच दुसरं टोक: कोरडं जेल हवेतली ओल ओढतं, मूळ वजन फुगतं आणि स्वेलिंग इंडेक्स (कोरड्या वजनाच्या तुलनेत किती फुगलं तो आकडा) खोटाच कमी येतो. डेसिकेटरमधून (नमुना कोरडा ठेवणाऱ्या बंद भांड्यातून) काढलं की लगेच तोला.

मण्यांचा आकारही बघा. मोठा साबुदाणा भिजायला वेळ लागतो ना, तसंच. व्यास दुप्पट तर फुगायला वेळ जवळजवळ चौपट. दोन बॅचची तुलना चाळून, एकाच मापाच्या मण्यांवर करा.