कॉलेज फुटबॉलच्या अंतिम सामन्यातली निर्णायक लढत आधीच कशी ओळखावी

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा (म्हणजे चेंडू हातात घेऊन खेळायच्या अमेरिकन फुटबॉलचा) राष्ट्रीय अंतिम सामना जानेवारीतल्या एका सोमवारी रात्री होतो. आपल्याकडे तेव्हा मंगळवारचे सकाळचे सहा वाजलेले असतात. घरातलं कुणी तिथल्या विद्यापीठात शिकतंय म्हणून एवढ्या सकाळी उठून सामना लावणारे आता आपल्याकडेही आहेत. त्याआधीचा आठवडाभर चर्चा मात्र एकाच प्रश्नाभोवती फिरते: अमुक क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला) तमुक बचाव रोखणार का? माझं मत असं, की जिची चर्चा होते ती लढत एक असते आणि सामना फिरवते ती बहुतेक वेळा दुसरीच. ही दुसरी लढत थोडा अभ्यास केला तर आधीच दिसते.

सुरुवात लाइनपासून, म्हणजे दोन्ही संघांच्या पहिल्या फळीपासून करा. चेंडू हलला की समोरासमोर धडकणारे ते धिप्पाड खेळाडू कॅमेऱ्यात फारसे येत नाहीत, पण बाकी सगळ्यांना वेळ आणि जागा मिळते ती त्यांच्यामुळेच. 8 जानेवारी 2024 चा ह्यूस्टनमधला सामना घ्या. मिशिगन आणि वॉशिंग्टन, दोघेही 14-0, म्हणजे मोसमात एकही सामना न हरलेले. वॉशिंग्टनच्या मायकल पेनिक्सने उपांत्य सामन्यात टेक्सासविरुद्ध 430 यार्ड पासिंग केलं होतं, म्हणजे चेंडू फेकून तेवढं अंतर मिळवलं होतं. देशातल्या सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनचा (आक्रमणाच्या पहिल्या फळीचा) ‘जो मूर’ पुरस्कारही त्या वर्षी वॉशिंग्टनलाच मिळाला होता. साहजिकच सगळ्यांच्या तोंडी पेनिक्स. पण कागदाची दुसरी बाजू पाहिली असती, तर मिशिगनची लाइन आणि वॉशिंग्टनचा रन डिफेन्स (चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवणारा बचाव) ही जोडी नजरेत भरली असती. मिशिगनने हाच पुरस्कार आधीची दोन वर्षं पटकावला होता आणि चेंडू हातात घेऊन धावणं हाच त्यांचा पिंड होता. पहिल्याच क्वार्टरमध्ये मिशिगनचा डॉनोव्हन एडवर्ड्स 41 आणि 46 यार्ड पळत जाऊन दोन टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं) करून आला. सामना संपला तेव्हा मिशिगनचे धावून मिळवलेले यार्ड 303 होते आणि स्कोअर 34-13.

म्हणून एका कागदावर चार जोड्या मांडा: प्रत्येक संघाचा रन समोरच्याच्या रन डिफेन्ससमोर, आणि प्रत्येकाचा पास समोरच्याच्या पास डिफेन्ससमोर. मोसमाची सरासरी फार मनावर घेऊ नका, दुबळ्या संघांविरुद्धचे आकडे तिला फुगवतात. तगड्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे तीन-चार सामने निवडा आणि त्यात चेंडू घेऊन पळायच्या दर प्रयत्नामागे किती यार्ड मिळाले किंवा दिले, तेवढंच बघा. क्वार्टरबॅकवरच्या दडपणाचा अंदाज नुसत्या सॅकच्या (क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडण्याच्या) आकड्यावरून बांधू नका. त्या रात्री पेनिक्सचा सॅक एकदाच झाला, तरी 51 पासपैकी 27 च पूर्ण झाले आणि दोन इंटरसेप्ट झाले, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी झेलले.

मग जखमींची यादी. ही पायरी कंटाळवाणी, पण टाळू नका. वॉशिंग्टनचा मुख्य रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) डिलन जॉन्सन उपांत्य सामन्याच्या शेवटी दुखावला होता. अंतिम सामन्यात तो खेळला, पण हातात पडले जेमतेम 33 यार्ड. मुख्य खेळाडू अधू असला की प्रतिस्पर्धी बेधडक पासवर लक्ष ठेवतो.

आता सगळ्यात रंजक भाग. कमकुवत जागा सापडली की विचारा: प्रशिक्षक तिथे मदत पाठवू शकतो का, आणि ती मदत कुठून काढणार? 20 जानेवारी 2025 ला अटलांटात ओहायो स्टेटचा रिसीव्हर (पास झेलणारा) जेरेमाया स्मिथ नॉत्र दामसमोर होता. नॉत्र दामला कॉर्नरबॅकने (रिसीव्हरला रोखणाऱ्या बचावपटूने) एकेकट्याने रिसीव्हर सांभाळायची पद्धत प्रिय, आणि त्यांचा नावाजलेला कॉर्नरबॅक बेंजामिन मॉरिसन ऑक्टोबरपासून जखमी. स्मिथकडे जास्त माणसं वळवावीत, तर ओहायो स्टेटचाच क्विन्शॉन जडकिन्स मधून पळतो, आणि दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच तो 70 यार्ड पळाला. स्मिथला एकट्यावर सोडावं, तर काय होतं तेही दिसलं. शेवटची काही मिनिटं, ओहायो स्टेट 31-23 ने पुढे, तिसरा डाउन (ठरलेलं अंतर कापायच्या चार प्रयत्नांपैकी तिसरा), अजून 11 यार्ड मिळवायचे. नॉत्र दामने क्वार्टरबॅकवर माणसं सोडली, स्मिथसमोर एकच कॉर्नरबॅक उरला आणि 56 यार्डांचा पास त्याच्या हातात विसावला. त्यातून आलेल्या फील्ड गोलने (चेंडू लाथेने खांबांमधून मारून मिळणाऱ्या तीन गुणांनी) स्कोअर 34-23 झाला. कुठल्याही बाजूने झाकलं तरी दुसरी बाजू उघडी पडते, अशी जोडी सापडली की ती पहिल्या क्रमांकावर लिहा.

अंदाज लिहिताना नुसतं ‘अमुक विरुद्ध तमुक’ लिहू नका. पूर्ण वाक्य लिहा: कोण, कुठल्या डाउनला, कुणावर, कशामुळे भारी पडेल. अशी तीन वाक्यं पुरेत. प्रत्येकाखाली तो अंदाज चुकतोय हे दाखवणारी एक खूणही नोंदवा, उदाहरणार्थ ‘पहिल्या दोन ड्राइव्हमध्ये (चेंडू सलग ताब्यात असतानाच्या खेळ्यांत) पळायच्या दर प्रयत्नाला तीन यार्डही मिळत नाहीत’. मोठ्या संघांचे प्रशिक्षक पहिल्या क्वार्टरनंतर डाव बदलतात. तसं दिसलं तर दुसरं वाक्य वर घ्या.

सामना संपल्यावर सगळा पुन्हा बघायची गरज नाही. फक्त तिसरे डाउन आणि वीस यार्डांहून मोठे डाव काढून बघा. 13 जानेवारी 2020 ला न्यू ऑर्लिन्समध्ये क्लेम्सन सुरुवातीला 17-7 ने पुढे होता, तरी एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठाने) 42-25 ने जिंकलं. कारण शोधायला दोनच आकडे पुरतात: क्लेम्सनचे अकरापैकी एकच तिसरा डाउन यशस्वी, आणि एलएसयूच्या जमार चेसचे 221 यार्ड.