जीआयएसमध्ये नकाशा करताना या चुका टाळा

क्यूजीआयएस हे जीआयएसचं, म्हणजे जागांची माहिती संगणकावर नकाशात मांडायचं, सॉफ्टवेअर फुकट मिळतं, शिकायलाही आता सोपं झालंय. त्यामुळे शोधनिबंधांत, गावाच्या आराखड्यांत, बातम्यांत सगळीकडे नकाशे दिसू लागलेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण आकडे बरोबर असूनही पुष्कळ नकाशे वाचणाऱ्याची दिशाभूल करतात. सॉफ्टवेअरने आपोआप जे निवडलं ते तसंच ठेवलं की असं होतं. 2011 च्या जनगणनेचे महाराष्ट्राचे जिल्हानिहाय आकडे घेऊन बघू, कारण अनेकांचा पहिला नकाशा त्यांचाच असतो.

एकूण आकड्यावर रंग भरणं

ही सगळ्यात मोठी चूक. लोकसंख्येचा कॉलम निवडला आणि फिक्यापासून गडदपर्यंत रंग दिले, की अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, मुंबई शहर जिल्ह्यापेक्षा गडद दिसतं. नगरची लोकसंख्या 45 लाख आणि मुंबई शहराची जेमतेम 31 लाख, त्यामुळे हिशेबाने ते बरोबरच आहे. पण नगर 17 हजार चौरस किलोमीटरवर पसरलंय आणि मुंबई शहर अवघ्या 157 वर. नकाशा बघणारा गडद रंगाचा अर्थ ‘इथे दाटी आहे’ असाच लावणार.

म्हणून रंग नेहमी घनता, टक्केवारी किंवा दर यांवर भरा. एकूण संख्याच दाखवायची असेल तर लहानमोठी वर्तुळं वापरा.

वर्ग न बघता स्वीकारणं

घनता घेतली तरी काम संपत नाही. समान अंतराचे पाच वर्ग पाडून बघा. सगळ्यात कमी घनता गडचिरोलीची, चौरस किलोमीटरला 74 माणसं. सगळ्यात जास्त मुंबई उपनगरची, 21 हजारांच्या आसपास. म्हणजे एकेक वर्ग चार हजारांहून मोठा. मुंबईचे दोन जिल्हे सोडले तर सगळ्यात दाट ठाणे, आणि तेही 1,157 वर. त्यामुळे 2011 च्या 35 पैकी 33 जिल्हे पहिल्याच वर्गात जातात, मधले तीन वर्ग रिकामे राहतात आणि अख्खा महाराष्ट्र एकाच फिक्या रंगात रंगतो.

आधी हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या घनतेचे किती जिल्हे हे दाखवणारा आलेख, उघडा. जेंक्सच्या पद्धतीने, म्हणजे आकड्यांत जिथे नैसर्गिक फट आहे तिथे वर्ग तोडून, सुरुवात बरी होते. पण माझं मत विचाराल तर शेवटच्या सीमा हाताने ठरवाव्यात. राज्याची सरासरी घनता 365 आहे, ती एक सीमा ठेवली की कोणता जिल्हा सरासरीच्या वर आणि कोणता खाली हे लगेच कळतं. मुंबईच्या दोन्ही जिल्ह्यांना वेगळा वर्ग द्या आणि कोपऱ्यात मोठा करून छोटा नकाशा जोडा, कारण राज्याच्या नकाशावर ते दिसतसुद्धा नाहीत.

पालघर कोरं का राहतं?

पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला, त्यामुळे 2011 च्या तक्त्यात तो नाही. आजच्या 36 जिल्ह्यांच्या लेयरला, म्हणजे सीमांच्या थराला, जुना तक्ता जोडला की पालघर रिकामं राहतं, हे निदान डोळ्यांना दिसतं. ठाण्याचा घोळ मात्र लपून राहतो. अखंड ठाणे जिल्ह्याचे एक कोटी दहा लाख लोक आजच्या सुमारे 4,200 चौरस किलोमीटरच्या ठाण्यावर टाकले जातात आणि घनता 1,157 वरून थेट 2,600 च्या पुढे उडी मारते. उपाय दोनच: 2011 च्याच सीमा वापरा, नाहीतर तालुक्यांचे आकडे घेऊन दोन्ही जिल्ह्यांच्या बेरजा नव्याने करा.

जोडणी नावावर करू नका. उस्मानाबादचं धाराशिव झालंय, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. जिल्ह्याच्या कोडवर जोडा, पण कोडचा कॉलम टेक्स्ट ठेवा, नाहीतर एक्सेल सुरुवातीचं शून्य खाऊन टाकतं आणि जोडणी फसते.

प्रोजेक्शन

प्रोजेक्शन म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची पद्धत. ऑनलाइन बेसमॅप (खालचा तयार नकाशा) टाकला की प्रोजेक्ट बहुधा वेब मर्केटर या प्रोजेक्शनमध्ये जातं. पुण्याच्या अक्षांशावर त्यात क्षेत्रफळ सुमारे 11 टक्के फुगतं. क्षेत्रफळ मोजायला फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये दोन एरिया फंक्शन्स आहेत. डॉलर चिन्हाचं फंक्शन प्रोजेक्टमध्ये निवडलेला एलिप्सॉइड, म्हणजे पृथ्वीचा किंचित चपटा गोल आकार, धरून मोजतं. साधं फंक्शन लेयरच्या प्रोजेक्शनमध्ये मोजतं आणि लेयर अक्षांश-रेखांशात असेल तर उत्तर चौरस अंशांत देतं, जे निरुपयोगी आहे. यूटीएम या प्रोजेक्शनमध्ये जगाचे उभे पट्टे म्हणजे झोन पाडलेले असतात; पुणे-नाशिकसाठी यूटीएम झोन 43 घ्या, नागपूरसाठी 44. अख्ख्या राज्याला एक झोन पुरत नाही. तिथे अल्बर्ससारखं समक्षेत्र प्रोजेक्शन निवडा.

मराठी लेबलं

मराठीत नकाशा करायलाच हवा, आणि तो नीट होतो. फक्त इंग्रजी नकाशांच्या सवयी इथे चालत नाहीत. डोंगररांगेचं नाव अक्षरं लांब लांब ठेवून पसरवायची रीत आहे. ‘सह्याद्री’ तसं पसरवलं की शिरोरेखा तुटते आणि शब्द विस्कटतो. त्याऐवजी अक्षर मोठं करा, रंग फिका ठेवा. नदीच्या वळणावर नाव वाकवलं तरी हेच होतं, म्हणून नदीचा त्यातल्या त्यात सरळ भाग शोधून नाव तिथे ठेवा. वेलांट्या, मात्रा आणि उकार वर-खाली जागा घेतात, तेव्हा दोन ओळींच्या लेबलात अंतर वाढवा.

नावांऐवजी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर दोष एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीचा. लेयर यूटीएफ-8 म्हणून उघडा. नाव मध्येच कापलं जात असेल तर शेपफाइल या नकाशाच्या फाइल-प्रकारातल्या कॉलमची रुंदी बघा: ती बाइटमध्ये मोजली जाते आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह, मात्रासुद्धा, तीन बाइट घेतं. त्याऐवजी जिओपॅकेज या फाइल-प्रकारात साठवलं की दोन्ही कटकटी जातात.

छापण्याआधी

लाल आणि हिरवा एकमेकांसमोर ठेवू नका, अनेकांना त्यांतला फरक कळत नाही. लेजंडमध्ये, म्हणजे रंगांचा अर्थ सांगणाऱ्या सूचीत, फाइलचं नाव नको, एककासह मराठी नाव हवं. भारताची बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच घ्या. परदेशी संकेतस्थळांवरच्या फाइलींमध्ये जम्मू-काश्मीरची सीमा बऱ्याचदा वेगळी असते, आणि तसा नकाशा प्रसिद्ध करणं 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे.

पीडीएफ काढताना अक्षरं आउटलाइन, म्हणजे रेषांचे आकार, म्हणून काढा, म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावर जोडाक्षरं फुटणार नाहीत. 1:50,000 असं आकड्यांतलं प्रमाण लिहिलं असेल तर सोबत प्रमाणपट्टीही द्या. ए3 चा नकाशा कुणी ए4 वर छापला की आकडा खोटा ठरतो, पट्टी मात्र नकाशाबरोबरच लहान होते.