वॉटर पेपरवर हात बसवताना

गाडीचं रंगकाम शिकायला आलेल्या प्रत्येकाचं लक्ष स्प्रे गनकडे असतं. माझ्या मते हात तयार होतो तो ओल्या घासकामावर, म्हणजे वॉटर पेपर (पाण्यासोबत वापरायचा बारीक सँडपेपर) घासण्यावर. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, कितीही चांगला मारला तरी वर संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीतपणा राहतो, धुळीचे कण चिकटतात. ते सपाट करायचं, तेही कोट न फोडता.

हातात किती जागा आहे ते आधी समजून घ्या. गाडीवरचा क्लिअर कोट साधारण 40 ते 60 मायक्रॉनचा असतो आणि 1000 नंबरच्या पेपरचा कण सुमारे 18 मायक्रॉनचा. म्हणून मी सहसा त्याहून बारीक 1500 ने सुरुवात करतो, मग 2000, मग 3000. कडा आणि बॉडीलाइनवर (पत्र्यातल्या उठावाच्या रेषेवर) रंग पातळ बसलेला असतो, तिथे आधी मास्किंग टेप लावा.

काळा, सिलिकॉन कार्बाइडचा पेपर दहा-पंधरा मिनिटं भिजवा. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब टाका, पेपर सरकतो छान. नुसत्या बोटांनी घासलंत तर बोटांच्या जागी चर पडतात. सपाट भागावर रबरी ठोकळा हवाच. दाब कमी, पाणी भरपूर. आणि हो, उघड्या लांबीवर (पत्र्यातले खड्डे भरायच्या पुट्टीवर) पाणी नको. ती पाणी शोषते आणि पुढे रंगाला फोड येतात. लांबी कोरडीच घासायची.

आता मुख्य गोष्ट. ओलं असताना सगळंच गुळगुळीत दिसतं, कारण ओरखडे पाण्याने भरलेले असतात. दर थोड्या वेळाने वायपरने पाणी ओढा, पुसा आणि तिरक्या उजेडात बघा. चमकणारे ठिपके म्हणजे अजून पेपर न पोचलेले खोलगट भाग. सगळीकडे एकसारखी मळकट, चमक नसलेली छटा आली की त्या नंबरचं काम संपलं. पुढच्या नंबरला घासण्याची दिशा बदला, म्हणजे आधीचे आडवे ओरखडे गेले की नाही ते लगेच कळतं. नंबर बदलताना पाणीही बदला. जुन्या पेपरचा एक कण राहिला तरी नवा ओरखडा पडतो.

घासताना निघणारं पाणी दुधट असायला हवं. त्यात गाडीचा रंग उतरू लागला तर हात तिथेच थांबवा: क्लिअर कोट संपला आहे, आणि तो कंपाउंडने (पॉलिशच्या पेस्टने) परत येत नाही, पुन्हा मारावाच लागतो.